दोन तारांची वाट : तांब्यावरून धावलेल्या ब्रॉडबँडचा इतिहास

जानेवारी २००५. मुंबईतील काही घरांमध्ये टेलिफोनच्या तारेला एक लहानशी पांढरी डबी जोडली गेली. डबीतून दोन फाटे निघत होते : एक जुन्या फोनकडे, दुसरा नव्या मोडेमकडे. फोनवर बोलणे चालू असतानाच संगणकावर इंटरनेटही चालू राहिले. डायल-अपच्या दिवसांत ५६ किलोबिटांवर अडलेला वेग २५६ किलोबिटांवर गेला. भिंतीतून आलेली तांब्याची जोडी मात्र तीच होती. आजोबांनी अनामत भरून, वर्षानुवर्षे प्रतीक्षा यादीत थांबून मिळवलेली.

या तारेत एवढी ताकद होती, तर ती आधी का दिसली नाही? आणि दिसल्यावर ती सर्वांच्या वाट्याला का आली नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील प्रयोगशाळांत सापडते. दुसऱ्याचे उत्तर दिल्लीतील एका धोरणात दडलेले आहे.

टेलिफोनच्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून नेण्याची कल्पना अलेक्झांडर ग्रॅहम बेलचीच. १८८१ साली त्याने तिचे पेटंट घेतले. पिळामुळे बाहेरून येणारा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर सारखा पडतो आणि बराचसा कटून जातो. यापुढची शंभर वर्षे अभियंत्यांनी या जोडीकडून एकच काम करून घेतले : माणसाचा आवाज नेणे. त्यासाठी सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढा चिंचोळा पट्टा पुरत होता.

या आवाजासाठी तारेवर संस्कारही झाले. कोलंबिया विद्यापीठातील मायकेल प्युपिन याला १९०० साली एक पेटंट मिळाले. लांबच्या लाइनवर ठरावीक अंतराने वेटोळी बसवली की आवाज दूरपर्यंत स्पष्ट जातो. जगभर अशी वेटोळी बसली. गंमत अशी की हीच वेटोळी आवाजाच्या पट्ट्यावरील सगळ्या लहरी गिळून टाकतात. नव्वदच्या दशकात ब्रॉडबँडसाठी लाइन तपासणाऱ्या अमेरिकी तंत्रज्ञांना जमिनीतून आधी ही वेटोळीच शोधून काढावी लागली.

डायल-अपची मर्यादाही मुळात तारेची नव्हतीच. डिजिटल एक्स्चेंज दर सेकंदाला आवाजाचे ८००० नमुने घेते आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहिते. म्हणजे फार तर ६४ किलोबिट. मोडेमची ती सुप्रसिद्ध किरकिर म्हणजे आवाजाचे सोंग घेतलेली माहिती. सोंग घेऊन एक्स्चेंजच्या दारातून आत शिरायचे, तर दाराएवढेच होऊन शिरावे लागणार. प्रश्न होता तो हे दार टाळण्याचा.

१ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेत एटी अँड टीची अजस्र बेल सिस्टीम न्यायालयीन तडजोडीने फोडण्यात आली. प्रादेशिक टेलिफोन कंपन्यांसाठी बेलकोर नावाची संशोधनसंस्था वेगळी निघाली. तेथे काम करणाऱ्या जोसेफ लेक्लायडर याच्यापुढे एक जुनाट अडचण होती. एका जाड केबलमध्ये शेकडो जोड्या एकत्र असतात आणि एकीतील संदेश दुसरीत झिरपतो. चाळीत शेजारच्या खोलीतला रेडिओ मोठ्याने लागलेला असावा आणि त्याच वेळी अंगणातून कोणीतरी हळू आवाजात हाक मारावी, तशी एक्स्चेंजची अवस्था असते. ग्राहकाकडून कित्येक किलोमीटर चालून आलेला क्षीण संदेश शेजारच्या जोडीवर नुकत्याच सोडलेल्या जोरकस संदेशात बुडून जातो.

लेक्लायडरचा तोडगा साधा होता. दोन्ही दिशांना सारखा वेग देण्याचा हट्ट सोडून द्यावा. ग्राहकाकडे जाणाऱ्या माहितीला रुंद पट्टा, ग्राहकाकडून येणाऱ्या माहितीला वेगळा आणि अरुंद. दिशा निराळ्या पट्ट्यांत गेल्या की शेजारचा रेडिओ हाकेला बुडवू शकत नाही. ‘एडीएसएल’मधील पहिले अक्षर या असमानतेचे आहे. आपला डाउनलोड जलद आणि अपलोड मंद का असतो, याबद्दल पुढे दोन दशके घरोघरी चरफड झाली. त्या चरफडीचा उगम या निर्णयात आहे. आणि त्याच निर्णयामुळे तार वापरण्याजोगी झाली.

विशेष म्हणजे हा खटाटोप इंटरनेटसाठी नव्हता. टेलिफोन कंपन्यांना केबल टीव्हीवाल्यांशी सामना करायचा होता. ग्राहकाने मागावा तो चित्रपट फोनच्या तारेवरून पाठवायचा, त्यासाठी सुमारे दीड मेगाबिटांचा वेग हवा आणि परतीच्या वाटेवर फक्त ग्राहकाची फर्माईश यायची, असा हिशेब होता. चित्रपटांच्या व्यवसायाची गणिते जुळली नाहीत. तंत्र मात्र मागे उरले आणि काही वर्षांत इंटरनेट त्याच्या दारात येऊन उभे राहिले.

तारेवर माहिती नेमकी कशी चढवायची, यावर दोन पंथ होते. एटी अँड टीच्या बाजूचे तंत्र सगळा पट्टा एकसंध वापरणारे. स्टॅनफर्डचा प्राध्यापक जॉन चिऑफी आणि त्याने १९९१ साली काढलेली ‘अमाती’ ही छोटी कंपनी दुसऱ्या बाजूला. पट्ट्याचे २५६ अरुंद भाग पाडायचे, प्रत्येक भाग तपासायचा आणि ज्याची जेवढी कुवत, तेवढाच भार त्याच्यावर टाकायचा, ही त्यांची रीत. पाटाचे पाणी वाफ्यावाफ्यात सोडणारा शेतकरी हेच करतो. जो वाफा खचला आहे, त्याचे तोंड तो बुजवून टाकतो. १९९३ साली बेलकोरने दोन्ही तंत्रांची चाचणी घेतली. अभियंत्यांनी तिला ‘एडीएसएल ऑलिंपिक्स’ असे नाव दिले. अमातीचे मोडेम स्पष्टपणे सरस ठरले आणि अमेरिकी मानकात हेच तंत्र आले.

वाफे बुजवण्याची ही सोय शोभेची नव्हती. एडीएसएलचा पट्टा सुमारे ११०४ किलोहर्ट्झपर्यंत जातो आणि मध्यम लहरींची रेडिओ केंद्रे याच प्रदेशात बोलतात. मुंबई आकाशवाणीची १०४४ किलोहर्ट्झची लहर यातच येते. लांबलचक टेलिफोनची तार ही आयतीच अँटेना! अशा वेळी मोडेम तेवढा भाग निमूटपणे सोडून देते आणि उरलेल्यांवर काम चालवते.

अंतराचा शाप मात्र कोणालाच चुकवता आला नाही. उच्च लहरी तांब्यात लवकर विरतात. एक्स्चेंजपासून एक-दोन किलोमीटरवर ८ मेगाबिटांची आशा धरता येते. पाच किलोमीटरच्या आसपास सगळेच संपते. शहराच्या नकाशावर एक्स्चेंजभोवती अदृश्य वर्तुळे उमटली आणि कोणाचे घर कोणत्या वर्तुळात पडते, यावर त्याचा वेग ठरू लागला.

इथून पुढची कथा विज्ञानाची कमी आणि मालकीची अधिक. नवी तार घरोघर नेणे अतिशय खर्चिक. म्हणजे ज्याच्याकडे जुनी तार आहे, त्याच्याच हाती किल्ली. अमेरिकेने १९९६ च्या कायद्याने जुन्या कंपन्यांना आपल्या तारा स्पर्धकांना भाड्याने देण्यास भाग पाडले. कोव्हॅड, नॉर्थपॉइंट, ऱ्हिदम्स अशा नव्या कंपन्या त्यावर उभ्या राहिल्या आणि २००१ साली तिन्ही दिवाळखोरीत गेल्या. तार खुली केली की सगळे सुरळीत होते, असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण विसरू नये.

जपानमध्ये निराळेच घडले. एनटीटीच्या तारा भाड्याने घेऊन सॉफ्टबँकने २००१ मध्ये ‘याहू! बीबी’ सेवा आणली. ८ मेगाबिटांचा वेग, दर प्रचलित भावाच्या कितीतरी खाली आणि रस्त्यांवर फुकट वाटलेली मोडेम. एनटीटी दाद देत नव्हती, तेव्हा संबंधित मंत्रालयात जाऊन स्वतःला पेटवून घेण्याची धमकी आपण दिली होती, असे मासायोशी सोन यांनी पुढे सांगितले. २००३ संपताना जपानमधील डीएसएल ग्राहकांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली होती.

भारतापुढे हे दोन्ही अनुभव होते. २००४ च्या एप्रिलमध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, तारा खुल्या करण्याची शिफारस केली. तेव्हा देशात सुमारे चार कोटी तांब्याच्या जोड्या होत्या आणि जवळजवळ सगळ्या बीएसएनएल व एमटीएनएल या सरकारी कंपन्यांच्या. एका जोडीचा आवाजाचा पट्टा सरकारी कंपनीकडेच ठेवून वरचा पट्टा खासगी कंपनीला भाड्याने द्यावा, हाही एक पर्याय शिफारशीत होता. म्हणजे त्या पांढऱ्या डबीच्या दोन फाट्यांचे दोन मालक.

१४ ऑक्टोबर २००४ रोजी जाहीर झालेल्या ब्रॉडबँड धोरणाने ही शिफारस स्वीकारली नाही. परस्परसंमतीने व्यापारी करार करण्याची मुभा कंपन्यांना राहील, एवढेच म्हटले. ज्याच्या हाती किल्ली, त्याच्या संमतीवर दार उघडायचे, असा त्याचा व्यवहारातील अर्थ झाला.

सरकारी कंपन्यांची बाजू पोकळ होती, असे नाही. जाळे त्यांनी अनेक दशके खपून उभारले होते. खासगी कंपन्या फक्त शहरातील सधन वस्त्या उचलतील आणि खेड्यापाड्यांतील तोट्याच्या लाइन सरकारच्या गळ्यात राहतील, ही भीती खरी होती. पण याच जाळ्याच्या उभारणीत ग्राहकांच्या अनामती होत्या. लवकर क्रमांक लागावा म्हणून ‘ओन युवर टेलिफोन’ योजनेत जादा पैसे भरणारी कुटुंबे होती. तार सार्वजनिक पैशाची, तर तिच्या रिकाम्या पट्ट्यावर हक्क कोणाचा? धोरणाने हा प्रश्न टाळला, आणि इथेच ते उणे पडले.

शिवाय तारेची प्रकृती. कागदी वेष्टनाच्या जुन्या केबलमध्ये पावसाळ्यात पाणी शिरे, फोनवर खरखर येई आणि लाइनमन पिलर उघडून कोरडी जोडी शोधत बसे. आवाज खरखरीतूनही कळतो. मेगाहर्ट्झच्या लहरी तेवढ्या सोशिक नसतात. जोडी कागदोपत्री होती म्हणून ती ब्रॉडबँडच्या लायकीची होती, असे मुळीच नव्हे. तरीही देशातील पहिले लक्षावधी ब्रॉडबँड ग्राहक याच तारांनी आणि याच लाइनमननी जोडले. रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेत डाउनलोड मोफत म्हणून गजर लावून उठणाऱ्या बीएसएनएल ग्राहकांची एक पिढी आहे, ती उगाच नव्हे.

धोरणाचे लक्ष्य २०१० अखेर दोन कोटी ब्रॉडबँड जोडण्यांचे होते. प्रत्यक्षात आकडा १.१ कोटीच्या आसपास थांबला, तोही २५६ किलोबिटांच्या व्याख्येने मोजलेला. दरम्यान मोबाइल आला. २००५-०६ च्या सुमारास पाच कोटींच्या आसपास असलेले लँडलाइन फोन २०१० पर्यंत चार कोटींच्या खाली आणि २०१५ पर्यंत तीन कोटींच्याही खाली गेले. ज्या कार्यालयांत एकेकाळी जोडणीसाठी अर्जांचे गठ्ठे साचत, तिथे आता फोन परत करण्याचे अर्ज येऊ लागले. अनामत परत मिळे. तार काढून न्यायला सहसा कोणी येत नसे. ती जिन्याच्या भिंतीवर तशीच खिळलेली राही.