गंज पेठेतील लहानसे घर

नाना पेठेतील सिटी चर्चमध्ये मिस्सा आटोपल्यावर गंज पेठेची वाट धरली, तर थोड्याच वेळात महात्मा जोतीराव फुले यांचे घर लागते. लोक त्यास फुले वाडा म्हणतात. पण शनिवारवाडा मनात धरून गेलेल्याची निराशाच व्हावी. उतरते कौलारू छप्पर, लाकडी खांबांची ओसरी, आत मोजक्या खोल्या आणि अंगण. वाडा कसला, घरच ते; आणि तेही लहान.

जुन्या पुण्यात घर खणांनी मोजीत. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे खण, साधारण पाच फुटांचा. जागा बेताची, म्हणून भिंतींनाच कामाला लावीत. मातीच्या जाड भिंतीत दिव्यासाठी कोनाडा, भांड्यांसाठी फडताळ, पागोट्यासाठी खुंटी, वर माळा. कपाटे हवीत कशाला! तीच भिंत उन्हाळ्यात गारवा देई. उजेड रस्त्याकडून नव्हे, तर अंगणातून येई. परक्या माणसाची मजल ओसरीपर्यंत. माजघरात कोण आहे, हे पेठेला दिसत नसे.

घराचा हा आतल्या बाजूस वळलेला स्वभाव मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सुखवस्तू घरांत त्याच आडोशाने विधवेला कोंडले. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी तो तिच्या रक्षणासाठी वापरला. १८६३ मध्ये त्यांनी आपल्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसलेल्या ब्राह्मण विधवेने गुपचूप यावे, बाळंत व्हावे. मूल न्यावे अथवा ठेवून जावे, अशी मुभा होती.

१८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांच्या टिपणांवर मत देताना जोतीरावांनी या गृहाचा हिशेब दिला आहे. तोवर ३५ विधवा येथे बाळंत झाल्या. मुलांपैकी पाच जगली, तीस दगावली. गर्भ पाडण्यासाठी आईला आधीच दिलेल्या विषारी औषधांनी ती पोटातच जायबंदी झाली होती. हे आकडे वाचताना पुढे जाववत नाही. प्रत्येक गर्भ देवाची देणगी मानणाऱ्या आपण ख्रिस्ती कुटुंबांनी तर ते घाईने वाचूच नयेत.

काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत या दांपत्याने दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्याबरोबर रुग्णसेवा करताना सावित्रीबाईंना लागण झाली व १० मार्च रोजी त्यांनी देह ठेवला.

याच घरचा पाण्याचा हौद १८६८ मध्ये अस्पृश्यांना खुला झाला होता. आपले दफन अंगणात व्हावे, अशी जोतीरावांची इच्छा होती. त्यासाठी खड्डाही तयार होता. १८९० मध्ये नगरपालिकेने परवानगी नाकारली. दहन झाले आणि अस्थी तेवढ्या घरी आल्या. आज त्या जागी वृंदावन आहे, ओसरीपासून काही पावलांवर.