जमीन विकणारा हत्ती

अमेरिकेतील न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर, अटलांटिक सिटीच्या दक्षिणेस मार्गेट या गावात, समुद्राकडे तोंड करून एक सहा मजली हत्ती उभा आहे. उंची ६५ फूट, वजन सुमारे ९० टन. आतून लाकूड, बाहेरून पत्रा. मागच्या पायांतील गोल जिन्याने चढून गेले की पोटातला दिवाणखाना लागतो आणि तेथून वर पाठीवरच्या अंबारीत जाता येते. या वास्तूचे नाव ल्यूसी. प्राणिशास्त्र जाणणारे येथे हसतात. हत्ती आशियाई आहे, त्याला भलेमोठे सुळे आहेत, आणि आशियाई हत्तींत असे सुळे फक्त नराला असतात.

ही इमारत १८८१ साली जेम्स लॅफर्टी या जमीनविक्रेत्याने बांधवली. हेतू रोकडा होता. गिऱ्हाइकाला अंबारीत नेऊन उभे करायचे आणि खालची रेताड जमीन दाखवायची. प्राण्याच्या आकाराची इमारत बांधण्याच्या कल्पनेचे पेटंटही त्याने १८८२ मध्ये मिळवले. याच कल्पनेतून आणखी दोन हत्ती उभे राहिले. कोनी आयलंडचा १८९६ मध्ये जळाला, केप मे येथील १९०० मध्ये पाडला गेला. या शेवटच्याचे नाव होते ‘लाइट ऑफ एशिया’. एडविन अर्नोल्ड यांच्या १८७९ च्या बुद्धचरित्रपर काव्याचेही हेच नाव. हे अर्नोल्ड तरुणपणी पुण्यात, पुढे डेक्कन कॉलेज म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेचे प्राचार्य होते. पौर्वात्याचे हे एकोणिसाव्या शतकातले आकर्षण कोठून कोठे पोहोचले होते, हे पाहून गंमत वाटते. एका टोकाला काव्य, दुसऱ्या टोकाला प्लॉटची विक्री.

लॅफर्टीने १८८७ मध्ये हत्ती विकून टाकला. नव्या मालकांच्या घरातच ‘ल्यूसी’ हे नाव पडले, असे सांगतात. हत्ती कधी राहते घर झाला, कधी दारूचा गुत्ता. वादळांनी अंबारी मोडली, पत्रे गंजले. १९६० च्या दशकाअखेरीस जमीन विकासकांकडे गेली. हत्ती तेवढा नगराला देऊ केलेला, पण तो तीस दिवसांत हलवावा, नाहीतर पाडला जाईल, अशी अट होती.

गावकऱ्यांनी ‘सेव्ह ल्यूसी’ नावाची समिती स्थापली आणि घरोघर फिरून वर्गणी जमवली. पैसे जमत आले तोच नवे संकट उभे राहिले. ज्या नगरमालकीच्या जागी हत्ती न्यायचा होता, तिच्या शेजारच्या मालमत्तेचे मालक न्यायालयात गेले. हत्ती आला तर आपल्या जमिनीची किंमत उतरेल, हे त्यांचे गाऱ्हाणे. मला या कथेतला सर्वांत बोलका क्षण हा वाटतो. जमिनीचा भाव चढावा म्हणून जो जन्मला, त्याच्यावर नव्वद वर्षांनी भाव पाडल्याचा आरोप आला. न्यायालयाने मनाई दिली नाही. २० जुलै १९७० रोजी, माणूस चंद्रावर उतरल्याला बरोबर वर्ष झाले त्या दिवशी, अख्खा हत्ती चाकांवर चढवून रस्त्याने नव्या जागी नेण्यात आला. अंतर जेमतेम शंभर यार्ड. त्याला सुमारे सात तास लागले.

समीक्षेच्या विद्यार्थ्याने यातल्या तारखांकडे लक्ष द्यावे. लाँग आयलंडवर १९३१ मध्ये बांधलेले बदकाच्या आकाराचे एक दुकान आहे. त्यात बदके आणि अंडी विकत. पीटर ब्लेक यांनी १९६४ च्या ‘गॉड्स ओन जंकयार्ड’ या पुस्तकात त्याचे छायाचित्र छापले ते भूप्रदेश विद्रूप झाल्याचा पुरावा म्हणून. रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझेनूर यांनी १९७२ च्या ‘लर्निंग फ्रॉम लास व्हेगास’मध्ये तेच बदक उचलले आणि त्यावरून सिद्धान्त मांडला. जी इमारत स्वतःच आपल्या अर्थाचे चिन्ह होते ती ‘बदक’. जी साधी असून वरून पाटी लावते ती ‘सजवलेली शेड’. साहित्यात आपण आशय आणि अभिव्यक्ती यांच्या अद्वैताविषयी बोलतो, तेव्हा या बदकाची आठवण ठेवायला हरकत नाही. परंतु हे पुस्तक येण्यापूर्वी दोन वर्षे मार्गेटचे लोक डबे घेऊन दारोदार हिंडले होते. त्यांच्या हाती ना सिद्धान्त होता, ना एखादा राजा वा थोर वास्तुकार. त्यांच्याजवळ एक नाव होते, आणि लहानपणी त्या जिन्याने चढल्याची आठवण. विद्वानांची मान्यता मागाहून आली: १९७६ मध्ये ल्यूसी राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू ठरली.

मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे, तिच्यात इमारतींच्या श्रेणी आहेत. जाहिरातीसाठी बांधलेला पत्र्याचा हत्ती आपण कोणत्या श्रेणीत घातला असता, असा प्रश्न मी एकदा वर्गात विचारला. विद्यार्थी आधी हसले. मग बराच वेळ वाद चालला.

२०२१ च्या सप्टेंबरात ल्यूसी दुरुस्तीसाठी बंद झाली. निम्म्याहून अधिक पत्रा दुरुस्तीपलीकडे गेल्याचे आढळल्याने सगळी कातडीच बदलण्यात आली. डिसेंबर २०२२ अखेर दारे पुन्हा उघडली. सुळे जसे होते तसेच ठेवले आहेत.