हौस आणि शर्यत

पोहणाऱ्यांचे दोन प्रकार फार जुने आहेत. एकजण पाण्यांत उतरतो तो अंग निवावें, मन मोकळें व्हावें म्हणून. दुसरा उतरतो तो शेजारच्याच्या पुढें जावें म्हणून. नदीच्या घाटावर या दोघांचें भांडण होत नाहीं, कारण घाट कोणा एकाच्या मालकीचा नसतो. परंतु पोहणाऱ्यांचें मंडळ स्थापन झालें, वर्गणी जमूं लागली, नियम छापले गेले, कीं खरा पोहणारा कोणाला म्हणावें हा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाचा इतिहास पाहावयाचा तर लंडनमधील हाइड पार्क या उद्यानांतील सर्पेंटाइन तळ्याच्या कांठीं जावें.

दुसऱ्या जॉर्ज राजाची राणी कॅरोलाइन हिच्या इच्छेनें १७३० सालीं वेस्टबोर्न नांवाच्या ओढ्यास बांध घालून हें तळें करण्यास आरंभ झाला. राजविलासासाठीं अडविलेलें हें पाणी हळूहळू सामान्य लोकांचें झालें. उन्हाळ्यांत लोक त्यांत डुंबत, हिवाळ्यांत त्याच्या गोठलेल्या पृष्ठावर घसरत. आणि दोन्ही ऋतूंत माणसें बुडत. बुडालेल्यांचे प्राण वांचविण्यासाठीं १७७४ सालीं निघालेल्या रॉयल ह्यूमेन सोसायटीनें १७९४ मध्यें याच तळ्याकांठीं एक शुश्रूषागृह बांधलें. पोहणें ही त्या काळीं केवळ करमणूक नव्हती; ती प्राणरक्षणाची विद्या होती.

१८६४ सालीं येथें पोहणाऱ्यांनीं आपलें मंडळ काढलें. बारा महिने उघड्या पाण्यांत पोहावयाचें, हा त्यांचा नेम. त्याच वर्षापासून नाताळच्या दिवशीं सकाळीं शंभर यार्डांची शर्यत लावण्याचा प्रघात पडला. ज्या ऋतूंत लंडनचा गृहस्थ शेगडीपासून हलत नाहीं, त्या ऋतूंत हे लोक पाण्यांत उड्या घेत.

पुढें पांच वर्षांनीं, १८६९ च्या जानेवारींत, लंडनमधील निरनिराळ्या मंडळांचे प्रतिनिधी एकत्र जमले व त्यांनीं एक मध्यवर्ती संस्था स्थापिली. शर्यतींना शिस्त लागावी, पैजांच्या नांवाखालीं चाललेला जुगार थांबावा, हा हेतु चांगलाच होता. परंतु त्यासाठीं त्यांनीं 'हौशी' पोहणारा कोण याची व्याख्या केली, आणि तेथेंच गुंता झाला. मराठींत हौशी म्हणजे ज्याला हौस आहे तो. त्यांच्या नियमांत मात्र हौशी म्हणजे जो पैशासाठीं पोहला नाहीं तो. पैज घेऊन पोहणारा बाहेर गेला; पैसे घेऊन पोहणें शिकविणाराहि पुढें धंदेवाईकांतच गणला गेला. ज्यानें शेंकडों मुलांना पाण्याची भीति घालवून तरतें केलें, त्यालाच शर्यतीच्या रांगेंत जागा उरली नाहीं. सुखवस्तु माणसाला हा नियम जाचक नव्हता. ज्याचें पोट या विद्येवर चाले त्याला होता.

कॅप्टन मॅथ्यू वेब याचें चरित्र या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. १८७३ सालीं भर अटलांटिक महासागरांत जहाजावरून पडलेल्या खलाशासाठीं त्यानें उडी घेतली. तो खलाशी हातीं लागला नाहीं, पण या धाडसाबद्दल ह्यूमेन सोसायटीनें त्याला सुवर्णपदक दिलें. १८७५ च्या ऑगस्टमध्यें डोव्हरहून निघून एकवीस तास पंचेचाळीस मिनिटांनीं तो कॅलेजवळ फ्रान्सच्या किनाऱ्यास लागला. इंग्लिश खाडी पोहून जाणारा तो पहिला पुरुष. साऱ्या इंग्लंडनें त्याला डोक्यावर घेतलें. पण जयघोषावर चरितार्थ चालत नाहीं. वेबनें पैजा मारल्या, हौदांतून जाहीर प्रयोग केले, आणि शेवटीं १८८३ सालीं नायगराच्या धबधब्याखालील प्रचंड ओघांत उडी घेऊन त्या पट्टीच्या पोहणाऱ्यानें प्राण गमावला. १८७५ च्याच सप्टेंबरांत ॲग्नेस बेकविथ ही चौदा वर्षांची मुलगी थेम्स नदींत लंडन पुलापासून ग्रीनिचपर्यंत सुमारें पांच मैल पोहून गेली. तिचा बाप पोहण्याचा धंदा करणारा. म्हणून तीहि धंदेवाईकच. तिच्या पोहण्याला गर्दी लोटली, पण हौशी मंडळांत तिला स्थान नव्हतें.

या वादानें पुढें संस्थेचेच दोन तुकडे केले. १८८४ सालीं कांहीं मंडळें फुटून निघालीं. १८८६ मध्यें समेट झाला. या साऱ्या खटाटोपांत एक माणूस कोणाच्याच ध्यानीं आला नाहीं. तो म्हणजे रोज सकाळीं येऊन निवांतपणें चार हात मारून घरीं जाणारा साधा पोहणारा. हौशी हें नांव शब्दशः त्याचें. पण नियमांत तो कोठेंच नव्हता, कारण नियम शर्यतवाल्यांचे होते.

अशा माणसाला मंडळांत सामावून घेण्याची एक युक्ति सर्पेंटाइनच्या मंडळानें चालविली आहे. ती म्हणजे हँडिकॅपची शर्यत. घोड्यांच्या शर्यतींत जलद घोड्याच्या पाठीवर अधिक वजन घालतात. येथें जलद पोहणाऱ्याला कांठावर थांबवून ठेवतात. मंद पोहणारा आधीं सुटतो, चपळ मागाहून. हिशेब अचूक असेल तर सारे जवळजवळ बरोबरच पोंचतात. म्हणून येथें जिंकतो तो सर्वांत वेगवान माणूस नव्हे, तर स्वतःच्या कालच्या वेगाला आज मागें टाकणारा. शिवाय हा हिशेब मांडावयाचा तर माणूस नेमानें आला पाहिजे. हिवाळाभर शर्यतींस हजर राहिलेल्या सभासदांनाच नाताळच्या शर्यतींत उतरतां येतें. या शर्यतीसाठीं १९०४ सालीं नाटककार जे. एम. बॅरी यांनीं एक चषक दिला. त्याला त्यांच्याच नाटकांतील 'पीटर पॅन'चें नांव आहे.

अर्थात् ही समता सर्वांपर्यंत लगेच पोंचली नाहीं. स्त्रियांना या तळ्यांत उतरण्यासाठीं १९३० साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं जॉर्ज लॅन्सबरी या मजूरपक्षीय मंत्र्यानें स्त्रीपुरुषांसाठीं एकत्र स्नानाची सोय करून दिली, आणि पुष्कळांची टीकाहि ओढवून घेतली.

२०१२ सालीं लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांतील दहा किलोमीटरांची शर्यत याच तळ्यांत झाली. जगांतील उत्तमोत्तम पोहणारे आले, दोन तासांच्या आसपास पोहले, आणि पदकें घेऊन गेले. त्यांतील कोण पैशासाठीं पोहतो हें आतां कोणी विचारीत नव्हतें. ज्या व्याख्येपायीं संस्था फुटली ती तोंवर निरर्थक झाली होती. त्याच वर्षीं नाताळच्या सकाळीं त्या पाण्यांत उतरावयाचे होते ते मंडळाचे सभासद, कोणी चपळ, कोणी संथ. वेगवान माणसामुळें मंडळाला कीर्ति मिळते, हें खरें. पण कीर्ति मिळवून तो निघून गेला तरी दुसऱ्या दिवशीं थंड पाण्यांत पहिलें पाऊल टाकणारा कोणी असावाच लागतो. मंडळ टिकतें तें त्याच्या जिवावर.