हेतुपुरस्सर अपकृत्ये व त्यांवरील बचाव

हेतुपुरस्सर अपकृत्ये व त्यांवरील बचाव : दुसऱ्याचे शरीर, स्वातंत्र्य, प्रतिष्ठा वा मालमत्ता यांना जाणूनबुजून बाध आणणाऱ्या आणि ज्यांबद्दल दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागता येते अशा गैरकृत्यांना हेतुपुरस्सर अपकृत्ये म्हणतात. हमला, अंगप्रहार, अवैध बंदिवास, स्थावरावरील अतिक्रमण, जंगम वस्तूंचा अपहार व विद्वेषपूर्ण फिर्याद ही त्यांची प्रमुख उदाहरणे होत. निष्काळजीपणामुळे घडणाऱ्या अपकृत्यांत कर्तव्यभंग व प्रत्यक्ष हानी या दोन्ही गोष्टी वादीला सिद्ध कराव्या लागतात. शरीर व कब्जा यांवरील सरळ आघातांची गोष्ट वेगळी आहे. तेथे आघात झाल्याचे सिद्ध होताच वादीचे काम बहुतांशी संपते आणि आपल्या कृत्याला कायद्याचा आधार होता, हे दाखविण्याचा भार प्रतिवादीवर पडतो. त्यामुळे या शाखेचा इतिहास हा मुख्यतः बचावांचा इतिहास आहे. त्यातही शासनाच्या आज्ञेचा बचाव कोठवर मानावा, या प्रश्नावर सर्वाधिक वाद झाला.

उगम व विकास : या अपकृत्यांचे मूळ तेराव्या शतकात इंग्लंडच्या राजन्यायालयांत रूढ झालेल्या अतिक्रमणाच्या दाव्यात आहे. प्रतिवादीने बळजबरीने व राजशांतीचा भंग करून आगळीक केली, असे त्या दाव्यात म्हणावे लागे. प्रत्यक्ष इजा झाली नसली, तरी दावा चालू शकतो, हे १३४८ च्या एका खटल्यात स्पष्ट झाले. रात्री मद्य विकत घेण्यास आलेल्या एका इसमाने बंद दारावर कुऱ्हाडीचे घाव घातले. खिडकीतून डोके बाहेर काढून त्यास थांबविणाऱ्या गृहिणीवर त्याने कुऱ्हाड उगारली. ती तिला लागली नाही. तरीही न्यायालयाने अपाय झाल्याचे मानून भरपाई देवविली. हमला व अंगप्रहार यांतील भेद पुढे यातूनच विकसित झाला : प्रहाराची वाजवी धास्ती निर्माण करणे हा हमला, तर प्रत्यक्ष स्पर्श हा अंगप्रहार. रागाने केलेला अल्पसा स्पर्शही अंगप्रहार ठरतो, असे सरन्यायाधीश होल्ट यांनी १७०४ मध्ये सांगितले. उलट, न्यायाधीशांचा दौरा गावात नसता तर आपण हे बोलणे सहन केले नसते, असे म्हणत तलवारीवर हात ठेवणाऱ्याने हमला केला नाही, असा निर्णय १६६९ मध्ये झाला होता. कारण त्याच्या शब्दांवरूनच त्या वेळी प्रहार करण्याचा इरादा नसल्याचे उघड होत होते.

प्रतिवादीवरील भार पूर्वी अधिक कडक होता. १६१६ मध्ये लंडनमधील कवायतीच्या वेळी एका सैनिकाच्या बंदुकीने दुसरा जखमी झाला. केवळ अपघात झाला असे म्हणणे पुरेसे नसून आपला यत्किंचितही दोष नव्हता हे प्रतिवादीने दाखविले पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले. इंग्लंडमध्ये १९५९ पासून मात्र हेतू किंवा निष्काळजीपणा यांपैकी एक वादीने सिद्ध करावा, असा नियम आहे. हेतू म्हणजे दुष्टावा नव्हे. हात उगारण्याची वा दार बंद करण्याची कृती जाणीवपूर्वक केलेली असली, की ती चांगल्या उद्देशाने केली होती असे म्हणून सुटका होत नाही. विद्वेषपूर्ण फिर्यादीसारख्या थोड्याच अपकृत्यांत दुष्ट हेतू सिद्ध करावा लागतो.

प्रमुख बचाव : (१) संमती : कुस्तीगीर, खेळाडू व शस्त्रक्रिया करवून घेणारा रुग्ण हे मर्यादित स्पर्शास संमती देतात, त्या मर्यादेपलीकडचा स्पर्श अपकृत्य ठरतो. केवळ तपासणीसाठी संमती दिलेल्या रुग्ण स्त्रीच्या गर्भाशयाची शस्त्रक्रिया तिच्या आईच्या संमतीने करण्यात आली, तेव्हा तातडीची निकड नसल्यामुळे ही संमती भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निरुपयोगी ठरविली. सज्ञान व शुद्धीवर असलेल्या व्यक्तीच्या शरीराबाबत दुसऱ्याने संमती देणे पुरेसे नाही, हे तत्त्व त्यामुळे दृढ झाले.

(२) स्वसंरक्षण व मालमत्तेचे रक्षण : वापरलेले बळ धोक्याच्या प्रमाणात असले पाहिजे. इंग्लंडमध्ये फुलांच्या बागेत सूचना न लावता पेरून ठेवलेल्या बंदुकीने, चुकलेला पक्षी धरण्यास आत शिरलेला एक युवक जखमी झाला. १८२८ मध्ये बागेच्या मालकास भरपाई द्यावी लागली. मालक स्वतः हजर असता तर त्याला अशा आगंतुकावर गोळी झाडता आली नसती. म्हणून जे स्वतः करता येत नाही ते यंत्राकरवीही करता येणार नाही, अशी यामागील विचारसरणी आहे. भारतात खाजगी बचावाच्या हक्काची व्याप्ती १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलमे ९६ ते १०६ मध्ये दिलेली होती. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलमे ३४ ते ४४ यांनी घेतली. या तरतुदी फौजदारी स्वरूपाच्या असल्या, तरी दिवाणी दाव्यांतही त्या मार्गदर्शक ठरतात.

(३) निकड : पसरणारी आग रोखण्यासाठी शेजाऱ्याचे घर पाडणे किंवा बुडणारी नाव वाचविण्यासाठी उतारूंचा माल पाण्यात टाकणे क्षम्य मानले गेले, नावेबाबतचा निर्णय १६०८ मधील आहे. मात्र स्वतःची मालमत्ता वाचविण्यासाठी दुसऱ्याच्या मालमत्तेची हानी केल्यास भरपाई द्यावी काय, हा प्रश्न उरतो. वादळात जहाज धक्क्याला बांधून ठेवणाऱ्या कंपनीचे कृत्य रास्त असले, तरी धक्क्याच्या मोडतोडीची भरपाई तिने दिली पाहिजे, असे अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१० मध्ये ठरविले.

(४) सत्य : अब्रुनुकसानीच्या दिवाणी दाव्यात विधान खरे असल्याचे प्रतिवादीने सिद्ध केल्यास तो पूर्ण बचाव ठरतो. मुंबईतील ‘महाराज अब्रुनुकसानी खटला’ हे याचे ठळक उदाहरण होय. करसनदास मुळजी यांनी सत्यप्रकाश या गुजराती पत्रात १८६० साली वल्लभ संप्रदायातील महाराजांच्या आचरणावर टीका केली. त्यावरून जदुनाथजी महाराजांनी ५०,००० रुपयांचा दावा लावला. मुंबईच्या तत्कालीन सर्वोच्च न्यायालयात डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासह अनेकांच्या साक्षी झाल्या आणि १८६२ मध्ये सत्याचा बचाव मान्य झाला.

विधिप्राधिकार : अटक, झडती व जप्ती ही कृत्ये एरवी अपकृत्येच होत, कायद्याने दिलेल्या अधिकारामुळेच ती क्षम्य ठरतात. हा अधिकार नेमका कोठून येतो, याचा निर्णय अठराव्या शतकात लागला. १७६३ मध्ये द नॉर्थ ब्रिटन या पत्राच्या ४५ व्या अंकाबद्दल ब्रिटिश मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स यांनी कोणाचेही नाव नसलेले सरसकट वॉरंट काढले. त्यान्वये पकडलेल्या एका छापखाना-कारागिरास सुमारे सहा तास अडकवून ठेवले होते व चांगले खाणेपिणेही दिले होते. आठवड्याला एक गिनी कमावणाऱ्या या कारागिरास ज्यूरीने ३०० पौंड भरपाई दिली. प्रत्यक्ष हानीपुरते पाहता २० पौंड पुरेसे झाले असते. परंतु प्रश्न नागरिकाच्या स्वातंत्र्याचा होता, असे मानून सरन्यायाधीश प्रॅट, म्हणजेच पुढचे लॉर्ड कॅम्डेन, यांनी ही रक्कम कायम ठेवली. १७६५ च्या एन्टिक वि. कॅरिंग्टन या खटल्यात त्यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. घर फोडून कागदपत्रे नेण्याचा अधिकार कायद्यात सापडत नसेल, तर तो नाहीच, आणि राज्याची गरज हा त्यावर बचाव होऊ शकत नाही, असे त्यांनी सांगितले. शासनाचा सेवक व सामान्य मनुष्य हे अपकृत्याच्या दाव्यात एकाच पायरीवर उभे राहतात, हे त्यामुळे प्रस्थापित झाले.

भारतातील स्थिती : इंग्रजी अपकृत्य विधी १७२६ च्या सनदेने स्थापिलेल्या मेयर न्यायालयांमार्फत मुंबई, मद्रास व कलकत्ता या शहरांत आला. मुंबई इलाख्यात १८२७ च्या एल्फिन्स्टनकालीन विनियमाने कायदा व रूढी उपलब्ध नसतील तेथे न्याय, समदृष्टी व सद्सद्‌विवेक यांनुसार निर्णय करण्यास सांगितले. भारतीय परिस्थितीस लागू पडणारे इंग्रजी नियम असा या शब्दांचा अर्थ प्रिव्ही कौन्सिलने १८८७ मध्ये केला. सर फ्रेडरिक पोलॉक यांनी भारत सरकारसाठी १८८६ मध्ये दिवाणी अपकृत्यांच्या विधेयकाचा मसुदा केला. पण त्याचे अधिनियमात रूपांतर झाले नाही व ही शाखा न्यायनिर्णयांवरच वाढली.

परंतु एन्टिक खटल्यातील तत्त्व वसाहतीत पूर्णांशाने उतरले नाही. तंजावरचे अखेरचे मराठे राजे शिवाजी हे १८५५ मध्ये पुत्राविना मृत्यू पावले. तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने राज्याबरोबर त्यांची खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई यांना मद्रासच्या न्यायालयाने दाद दिली. प्रिव्ही कौन्सिलने मात्र १८५९ मध्ये हे कृत्य ‘राज्यकृती’ असल्याने त्याचा न्याय-अन्याय पाहण्याचा अधिकार न्यायालयास नाही, असे ठरविले. पुढे १८६१ मध्ये कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक भेद केला. सरकारी गोदीतील कामगारांच्या हलगर्जीपणाबद्दल शासन जबाबदार राहील. परंतु सार्वभौम अधिकार वापरताना घडलेल्या कृत्यांबद्दल नाही.

या भेदाचा परिणाम स्वातंत्र्योत्तर काळात कस्तुरीलाल खटल्यात दिसून आला. १९४७ मध्ये मेरठ येथे पोलिसांनी एका सराफी पेढीच्या भागीदारास अटक करून त्याच्याजवळील सोने-चांदी ठाण्यात ठेवली. तेथील हेडकॉन्स्टेबल सोने घेऊन पाकिस्तानात पळाला. अटक व जप्ती ही सार्वभौम कार्ये असल्याने राज्य भरपाई देण्यास बांधील नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. मात्र सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी ही स्थिती समाधानकारक नसल्याचे सांगून कायदेमंडळाने तीत लक्ष घालावे, असे सुचविले. शासनाच्या दायित्वाबाबत विधेयके १९६५ व १९६७ मध्ये मांडली गेली. ती संमत झाली नाहीत.

बदल घडला तो न्यायालयांकडूनच. बिहारमधील रुदुल शाह हा कैदी ३ जून १९६८ रोजी निर्दोष सुटला असूनही १६ ऑक्टोबर १९८२ पर्यंत तुरुंगात राहिला. तो वेडा होता, असे कारण देण्यात आले; परंतु त्यास पुरावा नव्हता. १९८३ मध्ये सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांनी संविधानाच्या अनुच्छेद ३२ खाली त्याला अंतरिम भरपाई म्हणून एकूण ३५,००० रुपये देवविले व अधिक रकमेसाठी दिवाणी दाव्याचा मार्ग खुला ठेवला. विधानसभेस उपस्थित राहू नये म्हणून अटकेत ठेवलेले जम्मू व काश्मीरमधील आमदार भीमसिंग यांना १९८५ मध्ये ५०,००० रुपये मिळाले. मूलभूत हक्कांचा भंग झाला असता सार्वभौमत्वाचा बचाव मुळीच चालणार नाही, हे तत्त्व १९९३ च्या नीलबती बेहरा खटल्यात नि:संदिग्धपणे मांडले गेले.

असे असले, तरी साध्या दिवाणी दाव्यात शासनाचे दायित्व ठरविणारा स्वतंत्र अधिनियम भारतात झालेला नाही. त्यामुळे दाद कोणत्या मार्गाने मागितली यावर तिचे स्वरूप पुष्कळ अंशी अवलंबून राहते. बंदिवास सिद्ध होताच त्याचे समर्थन बंदी करणाऱ्याने करावे, हा जुना नियम खाजगी व्यक्तीस प्रथमपासून लागू होता. भारतात तो शासनासही लागू करण्यास विसावे शतक संपत यावे लागले.