सापाच्या तोंडाशी लिहिलेलं कारण



नातू सुट्टीला कुर्डुवाडीला आलाय. परवा सापशिडीत ९८ वर सापाने गिळलं, तशी त्याने सोंगटी भिरकावली. “आजी, मी काय केलं होतं?”

ह्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा मीही देवळात बसून हेच विचारलं होतं.

खरं तर हा खेळ याच प्रश्नासाठी रचलेला. गुजरात-राजस्थानातले जैन ‘ज्ञानबाजी’चा पट कापडावर, कागदावर रंगवून घेत, पर्युषणात खेळत. घरं बहुधा ८४. (मला लगेच चौऱ्याऐंशी लक्ष योनी आठवतात.) प्रत्येक घराला नाव असे. सापाच्या तोंडाशी दोष, शिडीच्या पायाशी गुण, तळाला नरक आणि माथ्यावर मोक्ष. मराठी मुलखातला मोक्षपट ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगतात, पण हाती आलेले पट त्यांच्यानंतर काही शतकांचे आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खेळ इंग्लंडात पोचला. तिथेही आधी शिडीशी काटकसर, उद्योग असे गुण लिहीत. हळूहळू अक्षरं गळाली, साप तेवढे राहिले. मी कॉमर्सवाली, मला हे तपशील नसलेल्या खतावणीसारखं वाटतं. रक्कम नावे पडली, कशापायी ते लिहिलेलंच नाही. अमेरिकेत १९४३ मध्ये मिल्टन ब्रॅडली कंपनीने सापांच्या जागी घसरगुंड्या काढल्या. तिथे चित्रांतून कारण परत आलं, अगदी बिस्किटं चोरण्यापर्यंत!

माथ्याजवळचा लांब साप मुलांना अन्याय वाटतो. आपल्या १४ गुणस्थानांत अकरावं उपशांतमोह. तिथे कषाय दबलेले असतात, गेलेले नसतात, म्हणून तिथवर चढलेला जीवही खाली येतोच. माझी तक्रार वेगळी आहे. दान कवड्यांच्या हाती, मग पुरुषार्थ कुठे? पूर्वकर्म म्हणून कवड्या मान्य करीन, पण खेळणाऱ्याला एकदा तरी वाट निवडू द्यायला हवी होती.

काल आम्ही पेन्सिल घेऊन बसलो. नातवाने एका सापाशी ‘आईशी खोटं’ लिहिलं, दुसऱ्याशी ‘मुंगी मारली’. शिडीशी ‘पाणी गाळलं’, ते मी सुचवलं. ९८ च्या सापाला कारण सुचेना. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी आतल्या खोलीतल्या खाटेकडे.

ते घर कोरंच ठेवलं.