वजनाची नोंद कोणासाठी?

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत कांद्याचा ट्रॅक्टर काट्यावर चढतो, वजन होते आणि काटापट्टी शेतकऱ्याच्या हाती पडते. ज्याचा माल त्याच्या हाती त्याचा आकडा, हा व्यवहाराचा साधा धर्म होय. माणसाच्या वजनाचा इतिहास पाहता, हा धर्म तेथे फार उशिरा आला असे आम्हांस दिसते.

१८३२ साली बेल्जियमच्या क्वेतले या गणितज्ञाने दाखविले की, प्रौढांचे वजन साधारणतः उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यास शोध होता ‘सरासरी माणसा’चा, रोग्याचा नव्हे. १९४२-४३ साली अमेरिकेतील मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने उंची-वजनाची कोष्टके काढली; तिचे लक्ष विमेदाराच्या आयुर्मानावर होते. क्वेतलेच्या सूत्रास ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव १९७२ साली अॅन्सेल कीज यांनी दिले.

आपल्याकडे १९४८ च्या कायद्यान्वये कामगार राज्य विमा योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी सुरू झाली. कामगाराच्या नावाने दवाखान्यात कागद निघू लागला, ही लहान गोष्ट नव्हे. पण कागद कपाटात राहतो. आमचाच अनुभव पाहा. एका दवाखान्यात तीन वर्षांत आमचा केसपेपर तीनदा नव्याने निघाला. दर खेपेस वजन लिहिले गेले, मागचे कोणी पाहिले नाही. दर खेपेस एकच उपदेश : “वजन कमी करा.” कसे, ते कोणी सांगितले नाही.

आणि नुसता काटाही पुरा सांगत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी-शेजारी छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. दोघांचा निर्देशांक २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के! अंगाने बारीक दिसणारा आपला माणूस आतून स्थूल असू शकतो. म्हणूनच आशाताईंच्या तपासणी-अर्जात कमरेचे माप विचारतात. पुरुषास ९० आणि स्त्रीस ८० सेंटिमीटरच्या पुढे धोका वाढता धरतात.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर जाहीर झाले. चौदा अंकी क्रमांकाखाली, रोग्याच्या संमतीने, निरनिराळ्या दवाखान्यांतील नोंदी जोडण्याची ही सोय. दहा वर्षांचे वजन, कंबर आणि साखर एका ओळीत दिसली, तर डॉक्टरांस बोलण्यास आधार मिळतो. पण यंत्र समजूत घालीत नाही. रात्रपाळी कधी असते, हमाली सुटल्यावर भाकऱ्या तितक्याच राहिल्या काय, दिवसाकाठी गोड चहा किती, हे माणसानेच माणसास विचारावयाचे असते. आणि त्यास वेळ लागतो.

यास्तव आमची मागणी तीन शब्दांची आहे : पडदा इकडे वळवा. डॉक्टरांनी नोंद रोग्यास दाखवावी, मराठीत समजवावी. आणि तिच्या आधारे कोणाही कामगाराची भाकरी हिरावली जाऊ नये. कांद्याच्या धन्यास काटापट्टी मिळते. देहाच्या धन्यास ती का मिळू नये?