वाट कोणाची?

शिखर चढायचे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शेवटची चढण येते. बर्फ, दोर, आणि माथ्यावर फडकणारा झेंडा. पण पुष्कळ पर्वतांच्या बाबतीत पहिला पेच असतो तो पायथ्यापर्यंत पोचायचे कोणत्या वाटेने, हा. गढवालमधल्या नंदादेवीने तर या एका प्रश्नावर माणसांना पन्नास वर्षे झुलवले.

नंदादेवीची उंची ७८१६ मीटर. तिच्याभोवती शिखरांचा सुमारे ११० किलोमीटर घेराचा तट आहे. या तटाला एकच भेग : पश्चिमेकडे ऋषिगंगा जिथून बाहेर पडते ती घळ. तेव्हा पर्याय दोनच. एक तर तट ओलांडायचा, नाहीतर घळीतून शिरायचे.

१८८३ मध्ये ग्रॅहम घळीच्या वाटेने निघाला आणि परतला. १९०५ मध्ये लाँगस्टाफ पूर्वेच्या तटावर चढला. आतले खोरे त्याने डोळे भरून पाहिले, पण उतरणे जमले नाही. रटलेजने तर तीनदा प्रयत्न केले. १९३२ मध्ये तो दक्षिणेच्या सुंदरढुंगा खिंडीखाली उभा राहिला आणि समोरची बर्फाची भिंत पाहून मागे वळला.

मग १९३४ मध्ये एरिक शिप्टन आणि बिल टिलमन आले. सोबत आंग थारके, पासांग आणि कुसांग हे तीन शेर्पा. मोठा लवाजमा नव्हता. त्यांनी घळ निवडली. तिच्या सुरुवातीच्या भागात धरांसी आणि दिब्रुघाटाच्या कुरणांकडे जाणारी मेंढपाळांची वाट होतीच. पुढे मात्र सरळसोट कडे. पाचही जण पाठीवर ओझी घेऊन कड्यांवरची एकेक कपार जोडत गेले आणि एके दिवशी आतल्या हिरव्या कुरणात उतरले. परतीच्या वेळी ते त्याच सुंदरढुंगा खिंडीतून बाहेर पडले. जी भिंत खालून चढता आली नव्हती, ती वरून उतरता आली!

दोनच वर्षांनी, २९ ऑगस्ट १९३६ रोजी, टिलमन आणि ओडेल याच घळीतून जाऊन माथ्यावर पोचले. पुस्तकांत त्यांची नावे मोठ्या अक्षरांत आली. मेंढ्यांमागे चालून पहिली पाऊलवाट ज्यांनी पाडली, त्यांची नावे कुठेच नाहीत.

आता पुढचे ऐका. ऋषिगंगेच्या काठच्या रेणी गावात मार्च १९७४ मध्ये गौरादेवींच्या पुढाकाराने बायकांनी जंगलतोड करणाऱ्यांना अडवले. ‘चिपको’ म्हणून जगाला ठाऊक झालेले आंदोलन ते हेच. आणि त्याच वर्षी नंदादेवीचे खोरे परदेशी मोहिमांना खुले झाले. मोहिमांवर मोहिमा आल्या. सरपणासाठी झाडेझुडपे तुटली, कचऱ्याचे ढीग साचले. शेवटी १९८२ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८३ मध्ये खोऱ्याची दारे मिटली. पर्वताला विसावा मिळायला हवाच होता. पुढे तिथली झाडोराही सावरला.

पण दारे मिटली ती सर्वांनाच. गिर्यारोहक दुसऱ्या शिखराकडे वळला. लाता गावच्या मेंढपाळाला दुसरे कुरण कुठले? ओझी वाहण्याची मजुरी गेली, चराई गेली. १९९८ मध्ये लाताचे गावकरी जमून उद्यानात शिरले, आपला हक्क मागायला. त्यानंतर काही वर्षांनी दिब्रुघाटापर्यंतची वाट मर्यादित पर्यटकांसाठी उघडली, स्थानिक वाटाड्यांना सोबत घेण्याच्या अटीवर.

‘वाटाड्या’ हा आपल्या मराठीतला फार सुरेख शब्द आहे. वाट ज्याची, तोच ती दाखवणार. गढवालात नंदा ही लेक मानतात आणि तिला सासरी पोचवायला सारा गाव चालत निघतो. अशा माणसांना तिचा शत्रू समजून चालणार नाही. शिखराची वाट निवडताना नकाशा पाहावा, हवामान पाहावे, उतार पाहावा. आणि ती वाट बंद करण्याची वेळ आलीच, तर तिच्यावरून आधी कोण चालत होते, हे विचारून मगच कुलूप लावावे. पाहुण्याने केलेल्या पसाऱ्याची शिक्षा घरच्या माणसाने का भोगायची?